अमूर्तातली तीट

नवी पेठेतला फ्रेमवाला संगणकानं काढलेली अमूर्त चित्रं विकतो. त्यांच्याखालची समीक्षा मी लिहिते, माझी चिन्नू पाळण्यात झोपली की.

"शब्द जड टाका, वहिनी," तो म्हणतो. "समजलं तर गिऱ्हाईक घेत न्हाय."

आज दुपारी घरच्या संगणकावर नव्या चित्रासाठी बटण दाबलं. निळ्या फराट्यांत एक काळा ठिपका उमटला. मी लिहिलं, 'हा ठिपका म्हणजे अवकाशाने स्वतःलाच दिलेला नकार.'

सासूबाई मागून वाकल्या. "कसला नकार गं? तीट हाय की ती. चिन्नूच्या गालावरची."

मला हसू आलं. पुढच्या चित्रात ठिपका जरा खाली सरकला होता. सहज पाळण्यात डोकावले, तर चिन्नूची तीटही हनुवटीवर आली होती. घामानं ओघळली असेल, म्हणून हलकेच पुसून पुन्हा त्या मऊ गालावर लावली.

तिसऱ्या चित्रात ठिपका पार वर गेला. मी पाळण्याकडे धावले. तीट भुवईच्या वर होती.

घाम वर ओघळत नाही.

संगणक बंद करायला वळले, तोच चौथं चित्र आपोआप आलं. त्यात ठिपकाच नव्हता. नुसता निळा रंग.

मागं पाळण्याची कडी कुरकुरली. सासूबाई म्हणाल्या, "चिन्नूला तू उचललंस काय गं?"