चारचं घर

डार्ट्सच्या सामन्यात ईनॉक ग्रिमशॉला फक्त आठ गुण हवे होते. चारच्या डबलमध्ये, म्हणजे कडेच्या दुप्पट गुणांच्या पट्टीत, एक बाण बसला की सामना त्यांच्या पबचा.

त्यानं बाण सोडला. हातातून सुटतानाच त्याला कळलं, बसणार. बसलाच, बोर्डाच्या अगदी माथ्यावर, दोन तारांच्या बरोबर मधे.

"वीसचं डबल! चाळीस!" स्टॉकपोर्टकडून खेळणारा सिरिल टाळ्या पिटत ओरडला. "काय नेम आहे, काका! पण हवे होते आठ."

आकडा नेमका गाठायचा असतो; हे उरल्यापेक्षा जास्त झाले. फेरी बाद.

मँचेस्टरकडच्या एल्म लाकडाच्या बोर्डावर माथ्याला चार असायचं. मिसरूड फुटल्यापासून ईनॉकचा हात त्याच घरात जात आला होता. पण १९३८च्या त्या उन्हाळ्यात बिअर कंपनीनं पबमधे लंडनचा बोर्ड आणून टांगला, घायपाताच्या धाग्यांचा. माथ्याला वीस, आणि चार कुठेतरी उजवीकडे, भाड्यानं राहायला गेल्यासारखं.

सिरिलचाही नेम चुकला. पुन्हा ईनॉकची पाळी.

"उजवीकडे, ईनॉक," पबची मालकीण विनी काउंटरमागून म्हणाली. "उजवीकडे बघ."

"दिसतंय मला कुठे आहे ते!"

"मग मार की!"

दिसत होतं, तीच तर पंचाईत होती. आजवर त्यानं चार कधी बघितलंच नव्हतं. आता बघून मारायला गेला, तर पहिला बाण तारेवर आपटून खाली पडला, दुसरा भिंतीत घुसला आणि तिसरा त्याच्याही पलीकडे. कोणीतरी फिसकन हसलं. सिरिलनं खेळ संपवला आणि हात पुढे केला. ईनॉकनं तो कसाबसा हातात घेतला, बिअर तशीच टाकली आणि मागच्या दारानं अंगणात गेला.

कोळशाच्या खोपटाला जुना बोर्ड टेकून उभा होता. लाकूड सुकू नये म्हणून विनी तो रोज रात्री पाण्यात बुडवून ठेवायची. नवा आल्यापासून याच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. मधोमध करंगळी जाईल एवढी फट पडली होती.

ईनॉकनं तो उचलला आणि पावसाच्या पाण्याच्या पिंपात टाकला. बोर्ड तरंगू लागला.

"अरे, आता कशाला?" विनी दारात येऊन म्हणाली. "कोण खेळणार आहे त्यावर?"

ईनॉकनं बाह्या सरसावल्या आणि दोन्ही हातांनी बोर्ड खाली दाबला. हात काढला की तो वर यायचा. त्यानं पुन्हा दाबला.