टेबलावर ठेवा

"हातात नाही, सर. टेबलावर ठेवा."

केपुएलीने पन्नास डॉलरची नोट तशीच पुढे धरून ठेवली. सख्ख्या बापाला 'सर'! टेबलापलीकडे काळं जाकीट घालून पत्ते पिसत उभी होती ती त्याचीच थोरली, लेसिएली. बापाच्या हातचं काही घ्यायला तिने बोटसुद्धा हलवलं नाही.

"अहो, तिला घेताच येत नाही," शेजारच्या स्टुलावरची मॉरीन म्हणाली. ही म्हातारी रोज सकाळी दहाला यायची आणि खेळता खेळता नवख्यांना शहाणं करायची. "वर कॅमेरे आहेत. हातातून हातात काही गेलं, की चोरी समजतात. ठेवा खाली."

त्याने नोट आपटली. लेसिएलीने ती नीट पसरली आणि बदल्यात खेळात लावायच्या पाच चकत्या सरकवल्या. ज्याने जन्मात लॉटरीचं तिकीट घेतलं नाही, तो टोंगन चर्चचा कारभारी कॅसिनोत जुगाराला बसला. करतो काय? पत्ते वाटणारीशी नुसतं उभं राहून बोलायचं नाही, खेळणाऱ्यालाच बसता येतं, असं दारावरच बजावलं होतं. दारावर त्याने टोपी काढली. टोंगन रीतीप्रमाणे सुतकात कपड्यांवरून कमरेला गुंडाळलेली चटई मात्र काढली नाही. सुतकाची चटई काढ म्हणणारा कोण लागून गेला?

अकरा महिने तो काळे कपडे घालून, चटई गुंडाळून हिंडत होता. लेसिएलीने ही नोकरी धरली, त्याच रविवारी त्याने अख्ख्या चर्चसमोर सांगितलं होतं, माझी मुलगी मेली. लोकांना वाटलं, महिनाभरात राग उतरेल. उतरेल कसला! शेवटी आज सकाळी बायकोने, मेलेनाइतेने, ते काळे कपडे त्याच्या अंगावर फेकले. "जिवंत पोरीचं सुतक मी यापुढे धुणार नाही. तिला घेऊन ये, नाहीतर तूही येऊ नकोस." म्हणून तो लोगनच्या घरून दोन बस बदलून आला होता. पोरीला या टेबलावरून हलवल्याशिवाय परत जायचं नाही, असं ठरवूनच.

पत्ते पडले. त्याने आपले दोन्ही उचलले.

"पत्त्यांना हात लावायचा नाही, सर."

"मॅडम फार शिस्तीच्या दिसतात! घरी कुणी शिकवलं वाटतं?"

"शिकवलं होतं. आणखी पत्ता हवाय का, सर?"

"नको! मला काही नको तुझ्याकडून!"

"तोंडाने नाही, हाताने दाखवा," मॉरीनने त्याला कोपराने ढोसलं. "कॅमेऱ्याला ऐकू येत नाही. तुम्ही कितीही ओरडा, हाताने केलंत तेवढंच खरं." मग तिचं लक्ष त्याच्या चटईकडे गेलं. तिचा आवाज उतरला. "कोण गेलं हो तुमचं?"

"मुलगी."

लेसिएलीने पत्ते सरळ केले. "वाईट झालं, सर. कशाने गेली?"

"हेच पत्ते वाटून गेली!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला, की पलीकडच्या टेबलांवरच्या माना वळल्या. "चर्चमध्ये गाणारी पोर! बापाचं नाक कापून गेली!"

टेबलांवर देखरेख करणारा स्टाव्रो लगबगीने आला. "काय चाललंय? सर, तुम्ही हिच्या ओळखीचे आहात का? नातेवाईक?"

"मला मुलगी नाही," केपुएली म्हणाला. "सांगितलं ना, मेली."

"लेसिएली, तू सांग."

"यांची मुलगी मेली म्हणतात." तिने बापावरची नजर काढली नाही. तिच्या नाकपुड्या थरथरत होत्या, अगदी बापासारख्याच. "मेलेलीचं नातं आपल्या नियमात बसतं का, स्टाव्रो?"

स्टाव्रो गोंधळला. "माफ करा, सर. विचारावं लागतं. घरचं माणूस खेळायला बसलं, तर वाटणाऱ्याला त्याच क्षणी टेबल सोडावं लागतं. तुम्ही घरचे नाही, मग प्रश्नच मिटला. चालू दे, लेसिएली."

केपुएली गार पडला. जे करायला आला होता, ते एका शब्दाचं काम होतं. माझी मुलगी. एवढं म्हटलं असतं, तर या लोकांनीच तिला बाजूला केलं असतं. आणि तो मूर्ख, अकरा महिने नेमका तोच शब्द गिळून बसला होता. त्याला स्वतःचीच अशी चीड आली, की कानशिलं तापली.

"आणखी पत्ता, सर?" तिने विचारलं. ती थांबली होती. पत्त्यासाठी नाही, हे फक्त त्याला कळलं.

त्याने तोंड उघडलं. शब्द आलाच नाही.

"हाताने, हाताने!" मॉरीन वैतागली.

तो उठला. कमरेची दोरी सोडायला लागला. गाठ अकरा महिन्यांची, लवकर सुटेना. त्याने ती हिसडून तोडली, सुतकाची चटई कमरेवरून उलगडली आणि पोरीसमोर ठेवली. हातात दिली नाही. टेबलावर ठेवली.

"सर! टेबलावर सामान चालत नाही!" स्टाव्रो धावला.

लेसिएलीने हातातले पत्ते खाली ठेवले. टेबल सोडताना करायची रीत होती तशी एक टाळी वाजवली, दोन्ही रिकामे तळवे कॅमेऱ्याला उलटसुलट करून दाखवले.

"दुसऱ्या कुणाला तरी उभं कर, स्टाव्रो. हे माझे वडील आहेत." मग तिने ती चटई उचलून काखोटीला मारली. "आणि तुम्ही बाहेर चला, बाबा. अकरा महिन्यांचं भांडायचं राहिलंय."