मधोमध पंच्याहत्तर

“मधे अजून थंड आहे,” गुणवंती म्हणाली आणि काचेचं भांडं तिने पुन्हा मायक्रोवेव्हमध्ये सरकवलं.

रंजिताच्या पोटात कावळे ओरडत होते. कालवणाला वाफ होती, वास घरभर सुटला होता. पण सासूचा भरवसा ना वासावर, ना वाफेवर. तिच्या हातात सुईसारखा थर्मामीटर होता. तो सुरमईच्या जाड तुकड्यात मधोमध खुपसायचा, आकडा पंच्याहत्तरच्या वर गेला तरच पुढची गोष्ट. त्यानंतरही दोन मिनिटं झाकून ठेवायचं, म्हणजे आतली आच सगळीकडे सारखी पोचते.

जन्मभर वरळीच्या कोळीवाड्यात मासळी विकलेली बाई. ताजा मासा तिला डोळे मिटून कळायचा. पावसाळ्यात मासेमारीबंदीच्या दिवसांत बोटी किनाऱ्याला लागल्या आणि घरात बर्फातला मासा येऊ लागला, तशी ती त्याला आदल्या रात्रीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची. ओट्यावर अजिबात नाही. मायक्रोवेव्हमध्ये बर्फ सोडवलाच, तर मासा तिथल्या तिथे शिजवून मोकळं व्हायचं, अर्धाकच्चा ठेवायचा नाही. निम्मा वेळ झाला की भांडं बाहेर काढून कडेचे तुकडे मधे आणि मधले कडेला करायचे. प्लास्टिकचे डबे तर तिने केव्हाच भंगारात दिले होते.

“गुणवंते, घर आहे का दवाखाना?” शेजारची सुभद्राकाकू दारातून विचारायची.

“हसा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. माझ्या सुनेचं पोट बिघडलं तर तुम्ही निस्तरायला येणार काय?”

आणि हे सगळं फक्त सुनेसाठी. मुलगा प्रितेश कालचं कालवण तसंच थंड ओतून घ्यायचा, त्याला कोणी हटकत नव्हतं. नणंद दीपिकाचं ताट वेगळंच, अळणी. लग्न मोडल्यापासून तिची खाण्यावरची वासनाच उडाली, असं प्रितेशने सांगितलं होतं. आठवड्यातून तीनदा ती परळला कामाला जायची, दमून यायची आणि एवढ्या उकाड्यातही लांब बाह्यांचा कुडता घालून खिडकीशी बसायची. रंजिताशी ती फारशी बोलत नसे. नव्या सुनेचे असे लाड चाललेले कुठल्या नणंदेला गोड लागतील?

लग्नाला वर्ष झालं होतं. रंजिता बापाविना वाढलेली, आई मनू कोळंबी सोलायला जाणारी. स्थळ आलं तेव्हा या लोकांनी हुंडा मागितला नाही, पत्रिका बघितली नाही. हल्लीच्या सुधारलेल्या घरांत बघतात तसा फक्त ब्लड ग्रुपचा कागद बघितला. “आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन,” असं मनू अख्ख्या आळीला सांगत सुटली होती.

रंजिताला आता एकच हवं होतं, मूल. दोन महिन्यांपासून परळच्या एका इस्पितळात तपासण्या चालू होत्या. रक्त झालं, लघवी झाली, सोनोग्राफी झाली, मोठ्या मशीनमध्ये सरकवून पोटाचे फोटोही झाले. डॉक्टरांशी प्रितेशच इंग्रजीत बोलायचा. फाइल गुणवंतीच्या पिशवीत असायची.

“काय म्हणाले?” बाहेर आल्यावर रंजिता विचारायची.

“सगळं एकदम ओके. आता तारीख मिळेल.”

तारखेला नक्की काय करतात हे विचारायची तिला लाज वाटायची. मूल राहण्यासाठी हल्ली बरंच काही करतात, एवढं तिने ऐकलं होतं.

एकदा मनू लेकीला भेटायला आली. डब्यात सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकर. कितीतरी दिवसांनी आईच्या हातचं! रंजिताने घास तोंडाशी नेला आणि गुणवंतीने तिच्या हातावर फाडकन मारलं. घास खाली पडला. उरलेला डबा तिने मनूच्या डोळ्यांदेखत दारातल्या मांजरापुढे पालथा केला.

“आई, घरचंच होतं ना ते!” रंजिता सासूकडे बघून रडायला लागली.

“सकाळपासून त्या डब्यात कोंबलंय. तारीख तोंडावर आलीय, अक्कल आहे का तुला? ताप आला, जुलाब झाले, तर डॉक्टर हात लावणार नाही.” बोलता बोलता गुणवंतीचाच बांध फुटला. तिने रंजिताला छातीशी धरलं. “तुला काय झालं तर मी काय करू गो? कुठं जाऊ मी?”

रंजितासाठी आजवर असं कोणी रडलं नव्हतं. हात चुरचुरत होता, तरी तिला आतून फार बरं वाटलं. मनूला अपमान लागला होता. पण जिना उतरताना तीच म्हणाली, “मार बसला तरी ऐक हो तिचं. एवढी जपणारी सासू नशिबानं मिळते.” त्या दिवसापासून रंजिता बाहेरचं पाणीसुद्धा प्यायली नाही.

तारखेच्या सकाळी गुणवंतीने मऊ भात गरम केला, तीन ठिकाणी थर्मामीटर खुपसून बघितला आणि स्वतःच्या हाताने सुनेला भरवला. रंजिता हिरवी साडी नेसली. टॅक्सीत दीपिकाही बसली. तिने पहिल्यांदाच रंजिताचा हात हातात घेतला आणि परळ येईपर्यंत सोडला नाही. आता घरातलं सगळं सुरळीत होणार, असं रंजिताला वाटलं.

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर एका बंद दारापुढे ते थांबले. प्रितेश मान खाली घालून मोबाइल बघत होता.

“होईल ना सगळं नीट, आई?” रंजिताने विचारलं.

“होणार. माझ्या देवीला मी बोलून ठेवलंय.” गुणवंतीने पदराने तिच्या कपाळावरचा घाम हलकेच टिपला. “आत पाच माणसं बसलीत. तुला कोणी भाग पाडलं का, म्हणून विचारतील. घाबरायचं नाही. दीपिकाकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, माझ्या नणंदेला मी माझी एक किडनी राजीखुशीनं देतेय.”