बिनपाण्याचं झुडूप

"याला पाणी लागत नाही," आपल्या अंगणातलं एल्डरबेरीचं झुडूप दाखवत वर्ना लिंडक्विस्टने जमलेल्या बारा जणांना सांगितलं. मग कुंपणापलीकडे नळी धरून उभ्या असलेल्या शेजाऱ्याकडे पाहत ती जरा मोठ्याने म्हणाली, "पाणी लागतं हिरवळीला. आणि हिरवळ लागते, ज्यांना दुसरं काही जमत नाही त्यांना."

गस पचेकोने हसून नळी बंद केली. "बरोबर आहे, बाई."

वर्नाने छत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. मठ्ठ मूल तिला लांबून ओळखू येई. गस म्हणजे सत्तरीतलं मठ्ठ मूल. ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात जन्म गेलेला, कळी आणि पालवी यांतला फरक न कळणारा. तरी ऑगस्ट-सप्टेंबरात ती बहिणीकडे ऑरेगॉनला जाई तेव्हा किल्ली त्याच्याकडेच ठेवावी लागे. "मांजराला खायला घाल. झुडपाला पाणी घालायचं नाही," हे ती दरवर्षी दोनदा बजावी.

देशी वनस्पती मंडळ नदीकाठी दोनशे एल्डरबेरी लावणार होतं. रोपांना पाण्याची नळी द्यायची की नाही, हे आज ठरायचं होतं. वर्नाचं म्हणणं, पहिल्या दिवसापासून थेंबही नको. पुराव्याला तिची सात वर्षांची वही होती. फेब्रुवारीत पालवी, एप्रिलअखेर फिकट पिवळे झुबके, जुलैत मोजकी निळी फळं, मग पानगळ. ऑक्टोबरात ती परतायची तेव्हा पुन्हा कोवळी पानं.

"सात वर्षांत कमरेएवढंच?" मंडळाचे अध्यक्ष हेल म्हणाले. "माझं तर छपराला टेकलं."

"तुमचं लाडावलंय. माझं उन्हाळ्यात अंग चोरतं. ऑक्टोबरात मोजलं की वीतभर कमीच भरतं, वहीत आहे. देशी झाडाचं शहाणपण असतं ते. काय रे गस, काही शिरलं डोक्यात?"

"मला कुठलं कळायला, बाई. बिचारं जगतंय, तेच खूप."

"बिचारं," वर्नाने त्याची नक्कल केली. दोघं-तिघं हसले.

मतं घेतली. बारापैकी नऊ हात वर गेले. नळी रद्द झाली. वर्नाने वही मिटली आणि गसकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेवढ्यात गसच्या फाटकाशी रोपवाटिकेचा छोटा ट्रक थांबला. मालकीण डोलोरेस कमरेएवढं झुडूप कुंडीसकट खाली उतरवू लागली. गस घाईघाईने तिकडे निघाला, पण तिचा आवाज आधीच कुंपणाअलीकडे पोचला होता.

"गस, तुझी यंदाची एल्डरबेरी. सप्टेंबरसाठी सांगून ठेवली होतीस, पण मिळाली तशी आत्ताच आणली. उंची गेल्या खेपेएवढीच बघून घेतलीय. सात वर्षांत ही पाचवी झाली बाबा, आणि तुझ्या अंगणात बघावं तर नुसतं गवत. लावतोस तरी कुठे?"