एकशे बारावं नाव

मॅनेजर विश्वजीत साहेबांनी कंपनीच्या गेटवर एकशे अकरा नावं पुकारली. एकशे अकरा वेळा "हाजिर" आलं. मग ते अडले. छापील यादीच्या शेवटी एक नाव पेनानं लिहिलेलं होतं.

"कय्युमभाई, हे काय?"

"भाई!" मागून फकिरा बोलला. "मंदी आली अन् साहेबाची जीभ लई गोड झाली. आधी 'ए रिक्षा' व्हतं."

दोघं-चौघं हसले. कय्युम हसला नाही. तो रिक्षाच चालवायचा. याच कंपनीत कामाला असलेली त्याची बायको वारल्यावर कामगारांनी त्याला युनियनचा अध्यक्ष केलं होतं.

वाळूजमधल्या निम्म्या कंपन्या बंद पडल्या होत्या. सहा महिने कामगारांचा अर्धा पगार सरकार देणार होतं. त्यासाठी दर एक तारखेला मॅनेजरनं गेटवर यादी वाचायची आणि खाली युनियनची सही घ्यायची. आज पहिला महिना. सही नाही, तर कंपनीला कुलूप.

"वाचा," कय्युम म्हणाला.

"अहो, पण त्या वारल्या..."

"माती म्या दिलीय, साहेब. मला नका सांगू."

टेबलामागून सरकारी कामगार अधिकारी मोनिका मॅडम म्हणाल्या, "मयताला पगार मिळत नाही, भाई."

"पगार नको, मॅडम. माझ्या बायकोचं नाव पुकारा. नाय तर सही नाय."

फकिराचं हसू गेलं. "भाई, आमच्या चुलीचं बघा की."

कय्युमनं मागं वळून पाहिलं नाही.

"जोहरा कय्युम शेख," साहेब पुटपुटले.

"मोठ्यानं. नियम तुमचाच हाय. जबाब आला नाय तर तीन येळा पुकारायचं."

साहेबांनी तीन वेळा पुकारलं. माणसं खाली बघत उभी होती.

"गैरहजर लिहा. आता कारण."

साहेबांनी लिहिलं, आजारपण.

"खोडा. युनियनमधी गेली म्हणून तुम्ही तिचं नाव काटलं. तसं दवाखान्याचं कार्ड बंद झालं. अंगात ताप घेऊन अकरा दिवस याच गेटवर उभी व्हती ती. तुम्ही गाडीची काच खाली करून बघितलं बी नाय."

साहेबांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी शिक्का उचलला नाही.

साहेबांनी खोडलं आणि पुन्हा लिहिलं. कय्युमनं शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचलं: कंपनीने नाव काढले. कार्ड बंद. उपचार नाही.

मग त्यानं सही केली. शिक्का बसला. गेट उघडलं आणि माणसं घाईनं आत शिरली.

साहेबांनी रुमालानं मान पुसली. "झालं ना आता मनासारखं?"

कय्युमनं पेनाचं टोपण लावलं आणि पेन त्यांच्या खिशाला अडकवलं.

"पाच म्हैने राहिले, साहेब. पुढच्या एक तारखेला आवाज नीट काढा."