लेहचं रक्त

"तुला परत पाठवतील बघ," भाऊ मृदुलाला म्हणाला. कॉलेजात असताना प्रत्येक रक्तदान शिबिरातून तिला 'आधी पालक खा' म्हणून माघारी धाडलं होतं. पण आज बाळंतीण वहिनीला रक्त हवं होतं आणि घरात गट तिचाच जुळत होता.

लेहच्या शाळेत बरीच वर्षं शिकवणारी मृदुला कालच सांगलीला आली होती.

हिमोग्लोबिन पाहून डॉक्टर चकित झाले. "साडेसोळा! खाता काय हो तुम्ही?"

"तिथे हवा विरळ, डॉक्टर. राहून राहून शरीरच रक्त दाट करतं," म्हणत तिनं हसत बाही वर सारली.

दुसऱ्या दिवशी वहिनी उठून बसली. बाळाला मृदुलाच्या मांडीवर देत म्हणाली, "वन्सं, सांगलीच्या उन्हात मला हुडहुडी भरली, तर तुम्हीच जबाबदार हं!"