सहावी पाकळी

शिवणबाईंनी दार अर्धंच उघडलं. जिन्यावर एक म्हातारा धापा टाकत उभा होता. त्याच्या खिशावर सरकारी बागेचं चिन्ह होतं. ते बघून बाईंचा चेहरा उतरला.

"बाई, तुमच्या खिडकीतलं निळं घंटाफूल रस्त्यावरून दिसलं. मी बागेतला माळी. एकदा जवळून बघू द्या, पाया पडतो."

"त्यात काय बघायचंय?" बाई म्हणाल्या. पण माणूस रडकुंडीला आलेला बघून बाजूला झाल्या.

माळ्याने कुंडीपुढे गुडघे टेकले. देठावर बारीक लव होती, पानांच्या कडा करवतीसारख्या, घंटेच्या तळाशी पांढरं कडं. घंटाफुलाला पाकळ्या पाच असतात. इथे सगळ्यांत खालच्या फुलाला सहा होत्या. त्याच्या काचघरातल्या झाडालाही तशाच यायच्या, दर वर्षी.

"तेच! अगदी तंतोतंत तेच!" त्याचा आवाज चिरकला. "कुठून आणलंत हे?"

बाईंनी सुईत दोरा ओवायला घेतला. "आमच्या ह्यांनी आणलं होतं, लग्नाआधी. डोंगरावरून."

"खाणीच्या डोंगरावरून?"

"असेल. आता कुणाला विचारणार? ते गेले."

बुडत्याला काडीचा आधार. माळ्याने पुढे काही विचारलंच नाही. तो डोंगर खाणीने कधीच खाल्ला होता. त्याच्या आधीच्या माळ्यांनी, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, तिथून एकच रोप वाचवून आणलं होतं. पण या जातीला स्वतःचा पराग चालत नाही. उस्तादांच्या मागे या माळ्याने फांद्या लावून वीस कुंड्या केल्या, तरी फांदीचं रोप म्हणजे तेच झाड. बी काही धरेना. वेगळ्या बीचं दुसरं झाड हवं होतं. यंदा मुळं कुजायला लागली आणि वीसच्या वीस कुंड्या गेल्या. उरलं होतं मूळ झाड, तेही पिवळं पडत चाललेलं, त्यावर एक फूल. 'माझ्या आजारपणात एवढे धावला नव्हतात,' असं बायको परवाच म्हणाली होती. खरं होतं ते.

"आजचाच दिवस आहे, बाई. उद्या फूल मिटलं की जातच संपली. कुंडी घेऊन चला माझ्याबरोबर."

"मी? तिथे?" बाईंच्या हातून सुई पडली. "तुम्हीच घेऊन जा. नाहीतरी यंदा हे पिवळं पडायला लागलंय."

"तुमचं झाड तुमच्याच हातात बरं. चला."

टॅक्सीत कुंडी बाईंच्या मांडीवर होती.

काचघराच्या दारात कपाळाच्या उंचीवर आडवा पाइप आहे. नवखा माणूस तिथे हमखास डोकं आपटतो. माळी सांगणार, तोच बाई वाकून आत गेल्या.

शेवटच्या फुलातली काडी टोकाशी तीन फाट्यांनी उघडली होती. म्हणजे पराग घ्यायला तयार. माळ्याने बाईंच्या फुलावरचा पराग कुंचल्यावर घेतला. दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि कुंचला तीनदा टेकवला. मग तो बाकावर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

"वीस वर्षं जीव टांगणीला होता हो. उस्तादांना मरताना शब्द दिला होता. तुमचे यजमान देवमाणूस! त्यांनी वंश वाचवला."

बाईंचेही डोळे भरून आले. त्या त्याच्या शेजारी बसल्या.

"दादा, तुम्ही इतकं चांगलं बोलताय, आता मला पोटात ठेववत नाही. मघाशी मी खोटं बोलले. रागावू नका." त्यांनी बाकाच्या लाकडावरून हात फिरवला. या वयातही त्या लाजल्या. "आमचे हे आयुष्यात कधी साधी टेकडी चढले नाहीत. याच बाकावर त्यांनी मला मागणी घातली, आणि तुमच्या उस्तादांची पाठ वळली तसं या झाडाची एक फांदी मोडून माझ्या ओंजळीत ठेवली."